नुकताच संपवलेला गेम आणि त्यावरचं मत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, भुसावळ, धुळे, शिरपूर, नंदुरबार अशा गावांतली आम्ही काही मंडळी महिन्यातून एकदा एकत्र बसतो. मधल्या काळात ज्याने एखादा व्हिडिओ गेम संपवला असेल त्याने त्यावर बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं आणि मग वाद घालायचा, एवढाच कार्यक्रम. नवीन येणारा प्रत्येक जण साधारण तेच प्रश्न विचारतो, म्हणून उत्तरं लिहून ठेवली. उत्तरं माझी आहेत. मंडळींपैकी निम्म्यांना ती पटत नाहीत.

गेम संपवला असं नेमकं कधी म्हणायचं?

सगळ्यात जास्त भांडणं यावरूनच होतात. आमच्यातल्या थोराड मंडळींनी सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून जीटीए व्हाइस सिटी खेळला. पँझर हा रणगाडा आणायचा चीट कोड धुळ्याच्या पोरांना पहिल्या दिवशीच पाठ, गावच्या पांझरा नदीच्या नावासारखाच तो. शेवटचं मिशन मात्र फार थोड्यांनी पाहिलं, कारण सेव्ह ज्या मशीनवर असायचा ते मशीन दुसऱ्याने अडवलेलं असायचं. तरी प्रत्येक जण छाती काढून सांगायचा, "संपवला!"

आता साधारण असं धरतो : क्रेडिट्स, म्हणजे शेवटी बनवणाऱ्यांची नावं, पडले की गेम संपला. पण हा नियमही सगळीकडे लागू पडत नाही. हेडीसमध्ये पाताळातून पहिल्यांदा बाहेर पडलात तरी गोष्ट संपत नाही. दहा वेळा यशस्वीपणे बाहेर पडल्यावर क्रेडिट्स येतात, आणि त्यानंतरही कितीतरी धागे शिल्लक राहतात. रेड डेड रिडेम्पशन २ मध्ये सहा प्रकरणं झाल्यावर दोन भागांचा उपसंहार आहे. तो लांबलचक आहे म्हणून अनेक जण तिथेच कंट्रोलर ठेवतात. माझ्या मते त्यांनी तो गेम संपवलेला नाही, कारण आधीच्या सहा प्रकरणांचं ओझं तो उपसंहारच उतरवतो. ब्लॅक मिथ : वुकाँगमध्ये सहावं प्रकरण जिंकलं की एक शेवट मिळतो, पण लपवलेला प्रदेश शोधून तिथली लढाई जिंकली तर दुसरा, जास्त अर्थाचा शेवट दिसतो. एल्डन रिंगचे तर सहा शेवट आहेत, आणि सगळ्यात अवघड शत्रू समजली जाणारी मलेनिया न मारताही गेम पूर्ण होतो.

म्हणून बोलायला उभं राहिल्यावर पहिलं वाक्य हेच असू द्या : मी इथवर खेळलो. क्रेडिट्सपर्यंत, उपसंहार सोडून, दुसऱ्या शेवटासकट, जे असेल ते. पुढचं सगळं ऐकणारा त्या हिशोबाने ऐकतो.

अर्धवट सोडलेल्या गेमवर बोललेलं चालतं का?

चालतं. कुठे सोडला आणि का, ते सांगा. बाल्डर्स गेट ३ तिसऱ्या अंकात सोडणाऱ्याचं म्हणणं आणि पहिल्या अंकातच चार वेळा नवीन पात्र बनवून कंटाळलेल्याचं म्हणणं, दोन्ही ऐकण्यासारखी असतात. पण ती दोन वेगळ्या गेमवरची मतं आहेत असं समजून ऐकावं लागतं. "बोअर झाला" एवढंच म्हणायचं असेल तर चहा प्या आणि ऐका.

यूट्यूबवर पूर्ण गेम पाहिलाय. त्यावर मत दिलं तर?

गोष्टीवर द्या, गेमवर देऊ नका. का, ते एका उदाहरणाने सांगतो. व्हॉट रिमेन्स ऑफ एडिथ फिंच हा २०१७ चा छोटा गेम आहे, दोन-अडीच तासांचा. त्यात मासळीच्या कारखान्यात काम करणाऱ्या एका तरुणाचा प्रसंग येतो. एका हाताने मासा ओढायचा, कापायचा, पुढे सरकवायचा, पुन्हा तेच. दुसऱ्या हाताने त्याच वेळी त्याच्या मनातल्या राज्यात एक पात्र चालवायचं. ते मनातलं राज्य हळूहळू पडद्यावर पसरत जातं आणि मासे कापणं तुमच्या हातून आपोआप होऊ लागतं. केव्हा होऊ लागलं ते कळतही नाही. त्या माणसाचं काय झालं असेल ते मग तुम्हाला सांगावं लागत नाही, ते तुमच्या हातांनीच केलेलं असतं. व्हिडिओत हा प्रसंग पाहिला तर एक बरं कार्टून दिसतं. हातात काही नसतं ना!

याच कारणासाठी द लास्ट ऑफ अस भाग २ च्या वेळचा गोंधळ मला पटला नव्हता. जून २०२० मध्ये गेम येण्याआधीच, एप्रिलमध्ये, त्याचे व्हिडिओ फुटले आणि खेळण्याआधीच लोकांची मतं पक्की झाली. नंतर खेळून तो न आवडलेले आमच्यात आहेत, त्यांचं मी मान देऊन ऐकतो. नुसती कथा वाचून शिव्या देणाऱ्यांशी बोलायचं तरी काय?

मला "भारी होता" यापलीकडे काही सुचत नाही. मग?

बहुतेकांचं तसंच होतं. आणि खान्देशात एरवी कुणाला बोलायला शब्द कमी पडतात असं तर नाही! एसटी स्टँडवर कापसाच्या भावावर तासभर बोलणारा माणूस एल्डन रिंगवर आला की "जबरदस्त" म्हणून गप्प बसतो.

मी नव्या माणसाला सांगतो, गेमबद्दल बोलू नका, गेममधल्या एका वेळेबद्दल बोला. कुठे होतात, काय करायचं होतं, तुम्ही काय केलं, आणि मग काय झालं. रिटर्न ऑफ द ओब्रा डिन संपवलेल्या एकाने आमच्याकडे असंच सांगितलं होतं. १८०७ सालचं ईस्ट इंडिया कंपनीचं जहाज, त्यावरची साठ माणसं, आणि प्रत्येकाचं नाव काय व त्याचं काय झालं हे तुम्ही वहीत भरायचं. तीन माणसांची नोंद बरोबर आली की तेवढीच गेम पक्की करतो, म्हणजे एकेकाचा अंदाज ठोकत बसता येत नाही. तो म्हणाला, एक खलाशी त्याने चेहऱ्यावरून ओळखला नाही, त्याच्या झोळीवरच्या आकड्यावरून ओळखला, आणि ओळखल्यावर घरात इकडून तिकडे फेऱ्या मारल्या. ग्राफिक्स कसे, संगीत कसं, यावर तो एक अक्षर बोलला नाही. त्या महिन्यात निम्म्या मंडळींनी तो गेम घेतला.

चांगलं-वाईट ठरवायचं काम ऐकणाऱ्याकडे थोडं सोडलं तरी चालतं.

दहापैकी मार्क का देत नाही?

कारण आकडा दिला की बाकीचं बोलणं कुणी ऐकत नाही. "आठ का? नऊ का नाही?" इथेच संध्याकाळ जाते.

आकड्याने होणारं नुकसान याहून मोठंही असतं. २०१० मध्ये फॉलआउट : न्यू व्हेगस आला तेव्हा तो बनवणाऱ्या ऑब्सिडियनला मेटाक्रिटिकवर, म्हणजे समीक्षकांच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या साइटवर, ८५ गुण मिळाले तर बोनस मिळणार होता. मिळाले ८४. बोनस गेला. आज त्या मालिकेतला सर्वांत चांगला गेम कोणता असं विचारलं तर निम्मे लोक त्याचंच नाव घेतात. एका गुणाचा फरक कुठल्या समीक्षकाच्या कुठल्या वाईट दिवसामुळे पडला असेल, कोण जाणे.

त्यापेक्षा आम्ही तीन गोष्टी विचारतो : कुणाला घ्यायला सांगाल, कुणाला सांगणार नाही, आणि किती रुपयांत. तिसरा प्रश्न गमतीचा वाटतो, पण चार हजारांत घेतलेल्या आणि सेलमध्ये चारशेला मिळालेल्या त्याच गेमबद्दल माणूस सारखं बोलत नाही. यात लाजण्यासारखं काही नाही, फक्त ते सांगून टाकावं.

शेवट सांगायचा की नाही?

आधी विचारायचं. ज्याला ऐकायचं नाही तो चहा सांगायला बाहेर जातो. आमच्याकडे चहा सांगायला नेहमी कुणी ना कुणी असतं ते यामुळेच. पाच-सहा वर्षं जुन्या गेमला सूट द्यावी असं काहींचं म्हणणं आहे. मला ते मान्य नाही. आपल्याकडे माणूस गेम आला त्या वर्षी खेळतो कुठे? ग्राफिक्स कार्ड घेतलं जातं तेव्हा खेळतो. २०१८ चा रेड डेड कुणी आज सुरू करत असेल तर त्याच्यासाठी तो आजचाच.

काही गेममध्ये शेवट लपवून भागत नाही, सुरुवातही लपवावी लागते. आउटर वाइल्ड्स हा २०१९ चा गेम तसा आहे. त्यात तुम्हाला हत्यार मिळत नाही, ताकद वाढत नाही. फक्त माहिती वाढते, आणि ती माहिती हाच सगळा गेम. म्हणून त्याबद्दल आमच्याकडे एवढंच बोललं जातं : घ्या, आणि काही वाचू नका.

माझा लॅपटॉप जुना आहे. गेम अडकत अडकत खेळलो. माझं मत धरणार का?

धरणार, पण मशीन कोणतं आणि महिना कोणता ते सांगा. महिना विचारला की बाहेरचे हसतात. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो. खोलीतली हवाच एवढी तापलेली असल्यावर पंख्याने लॅपटॉपमध्ये जाते ती गरम हवाच. ठरावीक तापमानाच्या वर गेलं की प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप स्वतःला वाचवायला आपला वेग कमी करतात, आणि सेकंदाला साठ फ्रेमचा गेम पंचवीसवर येतो. नेमका शेवटच्या बॉसशी, म्हणजे मोठ्या शत्रूशी, लढताना. डिसेंबरात तोच गेम, तोच लॅपटॉप, एकदम लोण्यासारखा चालतो. तेव्हा "ऑप्टिमायझेशन घाण आहे" म्हणण्याआधी कॅलेंडर बघा.

लाईटचंही तसंच. एल्डन रिंग सतत आपोआप सेव्ह करतो, लाईट गेली तरी जवळपास तिथूनच उठता येतं. याउलट एलियन : आयसोलेशनमध्ये सेव्ह करायला भिंतीवरच्या यंत्रापर्यंत जीव मुठीत धरून जावं लागतं, कार्ड घालावं लागतं, मग एकेक करून तीन दिवे लागेपर्यंत थांबावं लागतं, मागे तो प्राणी असतोच. बनवणाऱ्यांनी एवढीच भीती धरली होती. इन्व्हर्टर नसलेल्या घरात वायरमनचीही भीती त्यात मिसळते. हा गेम इकडच्या लोकांनी जेवढा घाबरून खेळलाय तेवढा कुणीच खेळला नसेल.

आणि गेमची आवृत्तीही सांगा. सायबरपंक २०७७ डिसेंबर २०२० मध्ये आला तेव्हा जुन्या कन्सोलवर त्याची अवस्था अशी होती की सोनीने आपल्या दुकानातून तो काढून टाकला. पुढच्या वर्षी जूनमध्ये परत घेतला. सप्टेंबर २०२३ च्या २.० अपडेटनंतर खेळलेल्याला हे सगळं अफवा वाटतं. दोघंही खरं बोलत असतात.

क्रॅक केलेला, म्हणजे चोरीचा गेम खेळून आलो तर?

तुमच्या मताला अपडेट नसतो, एवढंच सांगतो. बाकी, ऑनलाइन दुकानांपैकी एपिक स्टोअरवर दर आठवड्याला एखादा गेम फुकट मिळतो आणि स्टीमवर वर्षातून कितीदा तरी सेल लागतो. थोडं थांबायची तयारी हवी.

रिफंडचा विषय याला लागूनच येतो. स्टीमवर घेतल्यापासून चौदा दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मिळतात. गेम चालत नसेल, पटत नसेल तर बेलाशक घ्या. पण दीड तासाचा गेम पूर्ण संपवून, डोळे पुसून, मग रिफंड मागणाऱ्याला आमच्याकडे शेवभाजी वाढत नाहीत.

सोप्या मोडवर खेळलो हे सांगावं का?

सांगा, आणि मान वर करून सांगा. सेलेस्टमध्ये असिस्ट मोड बनवणाऱ्यांनीच दिलाय : वेग कमी करा, न मरण्याची सोय घ्या, प्रकरण ओलांडा. डोंगर चढणाऱ्या त्या मुलीची घालमेल तरीही पोचते. एल्डन रिंगमध्ये असा मोड नाही, पण राखेतून बोलावता येणारे साथीदार आहेत, मदतीला येणारे अनोळखी खेळाडू आहेत. "समन करून (मदत बोलावून) मारला म्हणजे मारलाच नाही" म्हणणारे एक-दोघं प्रत्येक बैठकीत असतात. त्यांना बोलू द्यावं, दमले की थांबतात.

शेतीच्या गेमबद्दल शेतकऱ्याच्या पोरांचं काय म्हणणं असतं?

हा प्रश्न पुण्या-मुंबईहून सुट्टीला आलेले विचारतात, आणि उत्तर ऐकायला सगळे पुढे सरकतात.

स्टारड्यू व्हॅली २०१६ मध्ये आला. एरिक बॅरोन या एकट्या माणसाने चित्रं, संगीत, कोड सगळं केलेलं. त्यात प्रत्येक ऋतू अठ्ठावीस दिवसांचा, आणि केळीचं रोप अठ्ठावीस दिवसांत फळाला येतं. रावेर-यावलकडे लागवडीपासून घड कापेपर्यंत साधारण वर्ष जातं, त्यात मे-जूनचं एक वादळ आलं की उभी बाग आडवी. पण आमच्यातल्या केळीवाल्याचा आक्षेप दिवसांवर नव्हता. त्याचा आक्षेप भावावर होता. स्टारड्यूमध्ये माल पेटीत टाकला की ठरलेला भाव मिळतो, आज जो तोच पुढच्या वर्षी. सकाळी उठून रावेरचा भाव काय, बऱ्हाणपूरचा काय, असं बघावं लागत नाही. मजूर शोधायचा नाही, व्यापाऱ्याला फोन करायचा नाही, सोसायटीचं कर्ज नाही. तो म्हणाला, "हा शेतीचा गेम नाही, शेतकऱ्याला रात्री पडणाऱ्या स्वप्नाचा गेम आहे." आणि तरी शंभर तास खेळला. आवडला का विचारलं तर म्हणे, म्हणूनच आवडला.

फार्मिंग सिम्युलेटर १९ मध्ये कापूस आला तेव्हा असंच झालं. तिथे कापूस काढायला घराएवढं अवजड यंत्र आहे, ते बोंडं ओढत जातं आणि मागून गाठी टाकतं. आमच्याकडे वेचणी हातानेच. दिवाळीच्या आसपास वेचायला माणसं मिळेनात तेव्हा तो गेम खेळणं म्हणजे स्वतःला चिडवून घेणं, असं चोपड्याकडच्या एकाचं मत पडलं. हे मत कुठल्याही इंग्रजी परीक्षणात सापडणार नाही, आणि मला ते कुठल्याही परीक्षणापेक्षा मोलाचं वाटतं.

रेड डेड २ वर कुणीही उभं राहिलं की घोड्यावरच का बोलतं?

कारण आमच्यातले काही जण सारंगखेड्याच्या यात्रेत लहानाचे मोठे झालेत. तापीकाठी दत्तजयंतीला भरणारा तो घोडेबाजार ज्याने पाहिलाय, तो घोड्याकडे वाहन म्हणून बघूच शकत नाही. दात बघायचे, खूर बघायचे, अंगावरचे भोवरे मोजायचे, मग रेवाल चालवून दाखवायचा, तेव्हा कुठे भावाची गोष्ट.

त्या नजरेने हा गेम बनवणाऱ्या रॉकस्टारचा घोडा पाहिला तर काय दिसतं? त्याला खरारा करावा लागतो, खाऊ घालावं लागतं, चिखलाने माखला तर धुवावा लागतो. घाबरला की मानेवर थोपटायचं वेगळं बटण आहे. विश्वासाच्या चार पायऱ्या आहेत. वर गेलात की तो बंदुकीच्या आवाजाला कमी बिचकतो, लांबून शीळ ऐकून येतो. थंडीत नर घोड्याचे अंडकोष आक्रसतात, हेही त्यांनी दाखवलंय, त्यावर जगभर विनोद झाले. आमच्या शहाद्याच्या गड्याने मात्र गंभीरपणे मान डोलावली. आणि वेळेवर औषध दिलं नाही तर घोडा मरतो तो कायमचाच. नवा मिळतो, पण तो नवाच असतो.

शहाद्याच्याच त्या गड्याची एक तक्रारही आहे. दुकानात घोडा घेताना वेग आणि दम यांच्या पट्ट्या दिसतात, किंमत लिहिलेली असते, बटण दाबलं की झालं. घासाघीस नाही! रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवणं तर दूरच. एवढा बारकावा केला आणि बाजारच विसरले, असं तो म्हणतो. गेमच्या वेगावर सगळे टीका करतात, तो संथ आहे म्हणतात. मला वाटतं घोड्यावरून उतरून शिकारीचं कातडं सोलण्यापर्यंत प्रत्येक कृती पूर्ण करायला लावणं हेच त्या गेमचं बळ आहे. पण ज्याला दिवसभराच्या नोकरीनंतर एकच तास मिळतो त्याला हे ऐकवू नये.

भारतीय गेमचं कौतुक करायलाच हवं का?

नाही. पण तपासायची फूटपट्टी तीच ठेवा, वेगळी कडकही नको आणि सैलही नको.

राजी : ॲन एन्शंट एपिक हा २०२० चा गेम पुण्याच्या नॉडिंग हेड्सने केला. दुर्गा आणि विष्णू गोष्ट सांगतात, मधले प्रसंग सावल्यांच्या बाहुल्यांनी रंगवलेत, वाडे-किल्ले पाहत राहावेत असे आहेत. मारामारी मात्र अडखळते, आणि गोष्ट अशा जागी तुटते की लाईट गेली की काय असं वाटावं. हे दोन्ही एका दमात सांगता आलं पाहिजे. आमच्याकडे एक गट म्हणतो, "आपल्या पोरांनी केलाय, नावं ठेवू नका." दुसरा म्हणतो, "आपल्याला जमतच नाही." दोन्ही गटांनी तो अर्ध्यातच सोडलेला असतो, ही गंमत.

वेन्बा २०२३ चा, टोरांटोच्या छोट्या स्टुडिओचा. ऐंशीच्या दशकात कॅनडात गेलेलं तमिळ कुटुंब, आईची फाटकी पाककृतींची वही, आणि ओळी पुसलेल्या असल्यामुळे अंदाजाने करायचे पदार्थ. इडलीपात्राच्या ताटल्या कशा रचायच्या, हे पहिलंच कोडं. तमिळ कुणालाच येत नाही तरी आमच्याकडे या गेमवर सगळ्यात जास्त वेळ बोलणं झालं. त्यातला मुलगा हळूहळू आईशी तमिळमध्ये बोलेनासा होतो. फोनवर आईशी अहिराणीत सुरू करून मराठीत संपवणारे, आणि ऑफिसचा फोन आला की इंग्रजीत शिरणारे, आमच्यात किती आहेत हे त्या दिवशी कळलं. कुणी तसं म्हणालं नाही. प्रत्येकाने आपापल्या आईच्या हातच्या कळण्याच्या भाकरीचा विषय काढला.

अनचार्टेड : द लॉस्ट लेगसीमध्ये, २०१७ च्या, पश्चिम घाट आहे, होयसळांची मंदिरं आहेत, गणपतीच्या दाताचा शोध आहे. देखणा आहे. चाळीसगावचा आमचा मित्र पाटणादेवीच्या जंगलात वाढलेला. तो म्हणाला, जंगल खरं वाटतं, पण एवढ्या जंगलात एक गुराखी कसा भेटत नाही? त्यानंतर मलाही तो गेम रिकामाच दिसतो.

आणि ब्लॅक मिथ : वुकाँग. गेम चिनी, ऑगस्ट २०२४ चा, पण आमच्या बैठकीत तो जवळजवळ घरचा झालाय. माकडाच्या रूपातला वीर आणि हातात लांब दंड, म्हणजे मारुतीची आठवण येणारच. खरा दुवा मात्र जवळचा आहे. ज्या जुन्या चिनी कादंबरीवर गेम उभा आहे ती एका भिक्षूच्या भारतयात्रेची गोष्ट, आणि तो भिक्षू म्हणजे सातव्या शतकातला ह्युएन त्संग. तो महाराष्ट्रात आला होता, दुसऱ्या पुलकेशीबद्दल त्याने लिहिलंय, आणि डोंगराच्या कड्यात कोरलेल्या ज्या विहाराचं वर्णन केलंय ते अजिंठ्याचं असं अभ्यासक मानतात. जळगाव स्टेशनपासून अजिंठा साठेक किलोमीटर. हे कळल्यावर दुसऱ्या प्रकरणातल्या त्या वाळूच्या डोंगरातल्या बुद्धमूर्ती पाहताना थांबायला होतं. गेम म्हणून तो बॉसमागून बॉस आहे, अदृश्य भिंतींनी वैताग आणतो, सोपा मोडही नाही. तरी घ्या.

बीजीएमआय (पबजीचा भारतीय अवतार), फ्री फायर, क्रिकेटचे गेम यांच्यावर बोलता येतं का?

येतं, पण ते संपत नाहीत, आणि आमचा विषय संपलेल्या गेमचा. पबजीवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली तेव्हा एक जण "माझा संपला" म्हणून बोलायला उभा राहिला होता. त्याला टाळ्या मिळाल्या.

घरचे म्हणतात, गेम म्हणजे रमीच ना?

नाही, हे त्यांना शांतपणे सांगा. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर ऑगस्ट २०२५ च्या केंद्राच्या कायद्याने बंदी आहे, मग तो कौशल्याचा असो की नशिबाचा. त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्सना मान्यताही आहे. आपण बोलतो ते गेम एकदा विकत घ्यायचे आणि खेळायचे. तरी पटलं नाही तर वेन्बा लावून आईच्या हातात द्या. इडली बिघडली की ती स्वतःच शिकवायला बसते.

अहिराणीत बोललं तर चालेल?

चालेल काय, मजा येते. "गेम भारी शे भो, पन शेवट काय जमना नही." याहून नेमकं परीक्षण शेवटावरूनच वादात सापडलेल्या मास इफेक्ट ३ वर २०१२ पासून कुणी लिहिलेलं मला माहीत नाही.

संपवल्या संपवल्या बोलावं की थांबावं?

त्याच रात्री चार ओळी फोनमध्ये लिहून ठेवा, बोला नंतर. रात्री दोनला क्रेडिट्स पाहणारा माणूस प्रत्येक गेमला आयुष्यातला सर्वोत्तम म्हणतो.

एकही गेम संपवलेला नाही, तरी यायचंय. काय करू?

एका संध्याकाळचा गेम घ्या : वेन्बा किंवा एडिथ फिंच. भाऊ किंवा बहीण सोबत असेल तर इट टेक्स टू. एकाने विकत घेतला की दुसऱ्याला फ्रेंड्स पासवर फुकट खेळता येतं, आणि तो दोघांशिवाय खेळताच येत नाही. शंभर तासांचा एल्डन रिंग पहिल्यांदाच उचलू नका, आखाजीपर्यंत (अक्षय्य तृतीयेपर्यंत) दिसणार नाही तुम्ही. लॅपटॉप आणायची गरज नाही. शेवभाजीची वर्गणी आधी घेतली जाते.